आधी डोंगर

दुपारची नमाज आटोपून वुर्यानी आतल्या खोलीच्या दाराशी आली, तेव्हा तिचे यजमान कॅप्टन हर्सोयो विमान घेऊन केव्हाच निघाले होते.

विमान म्हणजे कॉम्प्युटरच. तीन पडदे एकमेकांना जोडून लावलेले, समोर खऱ्यासारखा सुकाणूचा दांडा, पायाशी दोन पेडल आणि बसायला भंगारातून आणलेली मोटारीची सीट. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं हा संसार मांडला होता. सुराबायात त्यांच्यासारखे आणखीही हौशी होते. रविवारी एकमेकांना फोन करून, कोण कुठल्या विमानतळावर कसं आपटलं याच्या गप्पा छाटायचे. हळूहळू ते फोन थांबले. कॅप्टनना फोनवरची नावं ओळखू येईनात. मग हौसही गेली. राहिलं ते एकच उड्डाण, रोज दुपारी, एकाच दिशेला.

"वामेना सोडलं," कॅप्टन मागं न बघता म्हणाले. "हवा छान आहे, बुने. आज आणतो तिला."

"आणा हं," वुर्यानी म्हणाली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. बुने, म्हणजे पोरीची आई, हीच त्यांची तिला हाक.

वामेनाचा विमानतळ मागं पडला होता आणि पडद्यावर पापुआची दरी सरकत होती. खाली नदीची तपकिरी दोरी, दोन्ही अंगांना जंगल. इथवर सगळं ठीक असे. खिंड जवळ आली की घोटाळा व्हायचा. टेबलाखालच्या खोक्यात हार्ड डिस्कची जुनी चकती खडखडू लागायची, खडा अडकलेल्या जात्यासारखी. समोर जिथं डोंगराच्या दोन खांद्यांमधली फट दिसायला हवी, तिथं नुसता राखाडी-हिरवा लगदा पसरायचा. डोंगर यायचा, पण उशिरा यायचा. तोवर विमान त्याच्या तोंडाशी गेलेलं असे.

"बंद आहे," कॅप्टन म्हणाले. "खिंड बंद आहे."

दांडा डावीकडे कलला. दरी तिरपी झाली आणि विमान आल्या वाटेनं परत फिरलं.

त्यांची मुलगी रत्री दूर मकासरला असायची. मागच्या ईदला आली होती तेव्हा तिनं त्यांना समजावून पाहिलं होतं. "बाबा, तो ढग नाहीये. चित्र यायला वेळ लागतोय. सरळ घुसा, काही होत नाही."

पोरीनं पेट्रोलच्या टाकीशी काडी ओढावी, तसं कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं होतं. "डोंगर दिसत नाही म्हणजे डोंगर नाही, असं कोण म्हणालं तुला?"

पापुआत लहान विमानं चालवणाऱ्यांचा हा एवढाच धर्म. खिंडीचं पलीकडचं टोक दिसलं तर जायचं, नाही दिसलं तर वळायचं. जे वळले ते म्हातारे झाले. जे वळले नाहीत त्यांचे फोटो हँगरच्या भिंतीवर लागले. कॅप्टन आयुष्यभर वळत आले म्हणून तर वुर्यानीच्या हातचं जेवायला उरले होते. पण एकदा वळले होते, ते काही त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

यालिबे नावाचं डोंगरातलं गाव. तिथल्या शाळामास्तरची बायको अडली होती, मूल आडवं आलं होतं. रेडिओवर निरोप आला आणि कॅप्टन लगेच निघाले. खिंड ढगांनी भरलेली. वळले. दुपारी पुन्हा गेले, पुन्हा वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं झालं, तेव्हा ते पोचले. धावपट्टीच्या कडेला गावातले पुरुष रांगेनं बसले होते. कुणी उठलं नाही. मास्तर तेवढा पुढं आला आणि त्यानं जाळीच्या पिशवीतली रताळी त्यांच्या हातात ठेवली. "आलात, एवढं खूप झालं," म्हणाला. बाईचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

ती रताळी कॅप्टननी पार सुराबायापर्यंत आणली होती. शिजवू नको म्हणाले. कोपऱ्यात त्यांना कोंब फुटले, तेव्हा वुर्यानीनं ती मुकाट्यानं अंगणात पुरली. त्यावर पुढं कधी बोलणं झालं नाही. कंपनीनंही शाबासकीच दिली होती. सगळं कसं नियमाप्रमाणं झालं होतं.

आता म्हातारपणी डोक्यातली एकेक खोली बंद होत चालली, आणि नेमकी हीच एक सताड उघडी राहिली. कॅप्टनच्या लेखी ती बाई अजून यालिबेला वाट पाहत होती. परत फिरून आले की ते त्या सीटवर तसेच बसून राहत, हात मांडीवर उलटे टाकून. जेवायला बोलावलं तर म्हणत, "तिनं काही खाल्लं असेल का गं?"

डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस हातसुद्धा विमान चालवणं विसरतील. वुर्यानीला त्याचीच धास्ती होती. हात विसरायच्या आत एकदा, फक्त एकदा, हा माणूस खिंडीपार जावा, यालिबेच्या पट्टीला चाकं टेकावीत, म्हणजे हा फेरा सुटेल. पाचही नमाजांनंतर ती अल्लाकडे दुसरं काही मागतच नव्हती.

अडचण डोंगराची नाही, चकतीची आहे, एवढं तिला कळलं होतं. म्हणून सोमवारी तिनं कॅप्टनना शेजारणीच्या हवाली केलं, खोकं चादरीत गुंडाळलं आणि ती कॉम्प्युटर बाजारात कोह गुनादीच्या, म्हणजे गुनादीदादाच्या, दुकानात जाऊन उभी राहिली.

"या, या, इबू!" गुनादी काउंटरमागून ओरडला. मोठ्या बाईला इबू, म्हणजे आई, म्हणायची रीत. हे यंत्र त्यानंच जुळवून दिलं होतं. स्वतःही तो असाच हौशी विमानवाला. दुकानात छताला प्लास्टिकची विमानं आणि त्यांच्याखाली त्याचं पोट, दोन्ही सारखीच तरंगत असत. "आणि कॅप्टन कुठं? परत लंडनला गेले की काय?"

"लंडन केव्हाच सोडलं त्यांनी, कोह. आता फक्त पापुआ."

"चांगलंय. तिथं व्हिसा लागत नाही." त्यानं बर्फाचा चहा पुढं सरकवला.

"आज सोमवार."

"अरे देवा. सोमवार-गुरुवार! दर वेळी विसरतो बघा." त्यानं तिचा ग्लास उचलला आणि पाठोपाठ स्वतःचाही काउंटरखाली ठेवला.

"तुमचा कशाला लपवता? उपास माझा आहे."

"तुमच्यासमोर घशाखाली उतरत नाही, इबू. माझी आई असती तर थोबाडीत दिली असती."

त्यानं खोकं उघडलं, यंत्र चालू केलं आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक चकतीला लावून मूठ कानाशी धरली. वैद्यानं नाडी बघावी तसा बराच वेळ ऐकत राहिला. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"ही आजारी आहे. नुसती हळू नाही, आजारी. बरं झालं आलात. आता फिरणारी चकती नको, एसएसडी घालू. आत काही फिरत नाही, खडखडत नाही." त्यानं काचेखालून तीन-चार डब्या काढून मांडल्या. "ही बघा. च्युइंगमच्या कांडीएवढी पट्टी. डबीवरचा वेगाचा आकडा वाचा, डोळे फिरतील. सगळं जग मावेल हिच्यात."

"मग हीच द्या."

"थांबा ना. हा आकडा म्हणजे लग्नातला फोटो. खोटा नसतो, पण त्याच दिवसापुरता असतो. रिकामी आहे तोवर धावते. भरत आली की हिला धाप लागते. आणि दुसरं," त्यानं खोक्यात बोट घालून दाखवलं, "हिची जागा इथं. चित्रं काढणाऱ्या कार्डाच्या बरोबर खाली. घरी एसी आहे?"

"पंखा आहे."

"झालं! वर तापलेलं कार्ड, बाहेर आपली सुराबायाची दुपार. तापली की ही जीव वाचवायला आपोआप हळू होते. कॅप्टन उडतात कधी?"

"दुपारीच."

"नको मग." त्यानं ती डबी बाजूला सारली. "ही घ्या. पत्त्यांच्या जोडाएवढी आहे. वायर लावून लांब कोपऱ्यात बसवता येते. आकडा लहान आहे, हिच्यावरून कुणी बढाई मारणार नाही. पण डोकं थंड. कसं आहे इबू, लोक सिनेमे ठेवायला डिस्क घेतात. एक लांबलचक गोष्ट सरळ वाचायला कुणीही धावतं. विमानवाल्याचं तसं नाही. त्याला एक दगड, एक झाड, एक छप्पर, अर्धा उतार, असे हजार तुकडे एका श्वासात लागतात. ही ते बिनबोभाट देते."

वुर्यानीनं डबी हातात घेतली. वजन जवळजवळ नव्हतंच. एवढ्याशा डबीत तो सगळा डोंगर कसा राहील, असं तिच्या मनात आलं.

"खिंडीशी अडखळेल का?"

"नाही अडखळणार."

"नक्की?"

"डिस्कवर शपथ कोण घेतो, इबू? माझ्या घरी हीच आहे, एवढं सांगतो. आणि यंत्राचा स्वतःचा कारभार एका वेगळ्या छोट्या पट्टीवर ठेवू. ती फार तापायची नाही."

"म्हणजे दोन चुली."

"अगदी! एकीवर भात, एकीवर मासे. एकाच चुलीवर दोन्ही चढवलं की भात करपतो."

मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायला बसले. डबीत सगळं जग मावणार नव्हतं. युरोप गेला. जपान गेला. कॅप्टन एकदाच उतरले होते ती सगळी वाळवंटं गेली. गुनादी नाव वाचायचा, वुर्यानी मान हलवायची, जुने कपडे बोहारणीला काढावेत तसं. शेवटी दोन जमिनी उरल्या, पापुआ आणि जावा. दोन्ही मोठ्या, आणि दोन्ही कॅप्टननी स्वतःच्या हातानं घडवलेल्या. दुसऱ्या कुणाकडे मागून मिळायच्या नाहीत.

"दोन्ही मावतील," गुनादी म्हणाला. "पण आता खरी गोष्ट सांगतो. ही चकती किती वाचू देईल ते तुमचा अल्ला जाणे आणि माझा येशू. एकदा थांबली की थांबली, परत उठायची नाही. तेव्हा कुठली जमीन आधी काढू?"

वुर्यानीनं हातातली डबी काउंटरवर ठेवली.

जावामध्ये सुराबाया होतं आणि त्यात त्यांची गल्ली होती. कॅप्टननी ती वर्षभर बसून बसवली होती. लाल कौलांचं घर, दारातला आंबा, कोपऱ्यावरची मशीद, शेजाऱ्याचं कधी पुरं न झालेलं बांधकामसुद्धा. रविवारी सकाळी ते त्या खोट्या गल्लीवरून खाली उतरत उतरत जात आणि आतून हाक मारत, "बुने, बाहेर ये! मी वरनं चाललोय!" मग ही हातातला झारा तसाच घेऊन अंगणात जायची आणि रिकाम्या आभाळाकडे तोंड करून उभी राहायची. आतून आवाज यायचा, "दिसलीस!" दोघंही लहान पोरांसारखी हसायची. शेजारणीला वाटे, हिचं डोकं फिरलंय.

पण त्या रविवारांनाही आता बरेच दिवस झाले होते.

"आधी डोंगर," ती म्हणाली.

"नक्की ना? तुमचं घर…"

"घर कुठं जातंय, कोह? रोज झाडते मी ते. आधी डोंगर काढा."

काम सुरू झालं. ती बाजारातल्या नमाजाच्या खोलीत जाऊन दुपारनंतरची नमाज पढून आली. बाहेरच्या बाकावर बसली तर रत्रीचा फोन.

"आई, बाजारात काय करतेयस? शेजारच्या मावशी म्हणाल्या, डिस्क घ्यायला गेलीस. तू? तुला फोनचा आवाज कमी करता येत नाही!"

"तुझ्यासाठी नवरा नाही का निवडला मी?"

"म्हणून तर भीती वाटते." दोघी हसल्या. मग रत्रीचा आवाज खाली आला. "आई, डॉक्टर काय म्हणाले होते? त्यांना त्यातून बाहेर काढायचं. आणि तू आत जायची वाट रुंद करतेयस."

"बाहेर काढून कुठं नेऊ गं त्यांना? इथं अंगणात बसवलं तर ते विचारतात, हे घर कुणाचं. तिथं निदान त्यांना कुठं जायचंय ते ठाऊक असतं."

रत्री म्हणाली, "पाणी तरी प्यायलीस का?" आणि लगेच, "हो, सोमवार. असू दे."

वुर्यानी दुकानात परतली तेव्हा डोंगर पुरते आले होते. जावा सुरू होता. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकत होती. मध्येच चकतीला उचकी लागावी तसा आवाज झाला, मग एकदा लांब किर्र झालं, आणि शांतता. गुनादीनं बंद-चालू केलं, वायर बदलली, चकती काढून पालथी धरली. पुन्हा स्क्रू ड्रायव्हर कानाशी नेला आणि काही न ऐकता खाली ठेवला.

"समुद्र आला, इबू. बंदर आलं. तुमच्या गल्लीपर्यंत नाही पोचलो."

"असू दे."

"मी त्याच नमुन्याची चकती शोधतो. सुटे भाग घालून कधी कधी…"

"असू दे, कोह. जे मागायला आले होते ते मिळालं." तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "तुम्ही आता चहा प्या. बर्फ वितळला असेल."

गुरुवारी सकाळी गुनादी स्वतः यंत्र घेऊन घरी आला. दोन दिवस त्यानं ते दुकानात भर उन्हाच्या वेळी चालवून पाहिलं होतं. वायरी जोडता जोडता तो कॅप्टनना म्हणाला, "ओळखलंत का? तुमच्यापेक्षा वाईट उतरणारा एकच माणूस सुराबायात आहे, तो मी!" कॅप्टन मंद हसले. ओळखलं नव्हतं. गुनादीनं नजर खाली घातली आणि तो स्क्रू पिळत राहिला.

दुपारी कॅप्टन सीटवर बसले. वुर्यानी आज चौकटीशी न थांबता खोलीत भिंतीला लागून उभी राहिली. टेबलाखालून आवाज येत नव्हता. सवयीनं ती त्या खडखडीची वाट पाहत होती.

"वामेना सोडलं. हवा छान आहे."

दरी आली, नदी आली. मग वळणापलीकडे अचानक सगळा डोंगर उभा राहिला. लगदा नाही, पडदा नाही. ओल्या कातळावरची शेवाळाची रेघ दिसत होती, घळीतून उतरणारं पाणी दिसत होतं. आणि दोन खांद्यांच्या मधोमध, जणू कुणी दार लोटून आत बोलावतंय अशी, उजेडानं भरलेली फट. पलीकडचं टोक लख्ख.

कॅप्टननी श्वास घेतला. "उघडी आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बुने, खिंड उघडी आहे."

ते गेले. वुर्यानीच्या ओठांवर दुवा होती आणि हाताची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. खडक दोन्ही बाजूंनी सरकून मागं पडले, आणि पलीकडे खाली, डोंगराच्या मांडीवर टाकलेल्या टॉवेलसारखी, यालिबेची पट्टी दिसली. तिथं चढावर उतरायचं असतं, आणि एकदा तोंड लावलं की माघार नाही. कॅप्टनचे हात तरण्या माणसासारखे चालले. चाकं टेकली. विमान धडधडत चढ चढलं, वरच्या टोकाला जाऊन वळलं आणि थांबलं.

"अल्हम्दुलिल्ला," वुर्यानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. सुटला माणूस, असं तिला वाटलं.

कॅप्टननी इंजिन बंद केलं नाही. ते वाट पाहू लागले.

पडद्यावर पत्र्याचं चर्च होतं, शाळेची झोपडी होती, गोल छपरांची रांग होती. एका घराच्या दारात लाकडांची मोळीसुद्धा होती. त्यांनीच कधी काळी एकेक करून सगळं मांडलं होतं. माणसं मात्र त्यांनी घडवली नव्हती. विमानवाले माणसं घडवत नाहीत, वरून ती दिसत नसतात. वुर्यानीच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिनं डोंगराचा विचार केला, खिंडीचा केला, डिस्कच्या उष्णतेचासुद्धा केला. पोचल्यावर काय, याचा केला नव्हता.

"मास्तर कुठंय?" कॅप्टननी नजर डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. गवत हलत होतं. "रेडिओवर सांगितलं होतं ना, येतोय म्हणून. बुने, हे लोक गेले कुठं?"

तिच्या घशाशी आलं, अहो, ती गेली, केव्हाच गेली. पण ते बोलायला तोंड उघडेना. आणि येतील हं, असं खोटं सांगायचं, तर आज उपास होता. उपास नसता तरी तिला ते जमलं नसतं. ती नुसती पुढं झाली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून.

पावलांचा आवाज ऐकून कॅप्टन वळले. त्यांनी तिला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं आणि कानावरचे हेडफोन काढले.

"चालत आलात?" ते म्हणाले. "एकट्या? कुणी धरायलासुद्धा नाही तुमच्याबरोबर?"

थट्टा करताहेत असं तिला क्षणभर वाटलं. "अहो, मी…"

"बोलू नका. श्वास जपून ठेवा." त्यांनी घाईघाईनं शेजारचं स्टूल ओढलं, त्यावरची धूळ हातानं पुसली. "इथं बसा. हळू. माफ करा, पण वजन विचारावं लागतं आम्हाला. चढाची पट्टी आहे, राग मानू नका."

वुर्यानी बसली. आजवर तिनं डॉक्टरलासुद्धा वजन कधी खरं सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. कॅप्टननी मनातल्या मनात हिशेब केला, मान हलवली. "ठीक. पट्टा बांधा." तिनं दोन्ही हात पोटावरून आवळून धरले.

विमान उतारावरून सुटलं आणि हवेत गेलं. यालिबे खाली राहिलं.

"घाबरलात?"

"हो," ती म्हणाली.

"साहजिक आहे. माझी बायको पण घाबरते. डोळे मिटून दुवा म्हणत बसते. मी तिला चिडवतो, तू बसलीस की अर्धं विमान अल्लाच चालवतो, मला अर्धाच पगार मिळायला पाहिजे."

ही थट्टा त्यांनी शेवटची कधी केली होती ते तिला आठवेना. "कुठं असते?" तिनं विचारलं. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"सुराबायाला. फार चांगली बाई आहे. तिला काही सांगितलं नाही मी तुमच्याबद्दल. आणू शकलो नाही हे कसं सांगायचं? आता सांगीन."

समोर खिंड आली. प्रत्येक दगड आपापल्या जागी होता. गुनादीची डबी कुठंही अडखळली नाही. वुर्यानीच्या अगदी ओठांवर आलं, मीच ती, इकडे बघा, मीच आहे. पण खिंडीत असताना वैमानिकाशी बोलायचं नसतं, एवढं तिला इतक्या वर्षांच्या संसारात माहीत झालं होतं. खिंड पार पडली. तोवर कॅप्टनच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं होतं की आता बोलणं म्हणजे ते विझवणं.

वामेनाला उतरल्यावर त्यांनी एकेक कळ क्रमानं बंद केली. मग दांड्यावरचे हात काढले आणि दोन्ही तळव्यांत तोंड धरून रडले. बराच वेळ रडले. नंतर डोळे पुसून तिला म्हणाले, "पोचलात. आता काही भीती नाही. तुम्ही दोघंही वाचलात."

तिनं जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. मागताना तिनं एवढंच मागितलं होतं.

सूर्य बुडाला. मशिदीतून बांग आली. वुर्यानीनं उठून एक खजूर तोंडात टाकला, घोटभर पाणी घेतलं, उपास सोडण्याची दुवा शेवटपर्यंत म्हटली. नमाज झाल्यावर भात, भाजी, सोयाबीनचं तळलेलं तेंपे असं पानात वाढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. कॅप्टन दाराशी उभे होते, परक्याच्या घरात उभं राहावं तसे, हात पुढं बांधून.

"अहो" म्हणायला तिची जीभ उचलली, पण ती थांबली. इतर सगळे म्हणतात तसं म्हणाली, "कॅप्टन, दोन घास खाऊन घ्या."

"नको, बाई," ते संकोचून म्हणाले. "गुरुवार आहे ना आज. घरी बायकोचा उपास असतो. ती सोडते, मग आम्ही दोघं बरोबर जेवतो. तिच्याआधी मी जेवत नाही."

वुर्यानीनं खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली. दुसरी ओढून समोर आपण बसली.

"मग थांबू या," ती म्हणाली. "येईपर्यंत."

ते मोकळे हसले आणि बसले. दोघांच्या मध्ये भात निवत गेला.